तुरदाकून-अकेंचा शेवटचा नकाशा

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता नारीनच्या नकाशा कचेरीतले तीन कॉम्प्युटर एकदम संपावर गेले, आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी एका मेलेल्या माणसाने नकाशा छापला.

मार्लेनला ही हकिकत नंतर चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितली, पण एवढ्या दोन गोष्टींवर चौघांचंही एकमत होतं. आधी अडला कचेरीचे साहेब कुबात जुमाबायेविच यांचा कॉम्प्युटर, मग थोरले नकाशाकार असानकुल-अके यांचा, मग चिनाराचा. तिन्ही पडद्यांवर एकच पाटी: लायसन्सची मुदत संपली. नकाशे काढायचा प्रोग्रॅम काही केल्या उघडेना. कचेरीची सगळी यंत्रं सांभाळणं हे चिनाराचं काम. ती कपाटाकडे धावली. कपाटात सर्व्हर होता, तोच सगळ्यांना लायसन्स वाटायचा. सर्व्हर शांतपणे सांगत होता की मुदत पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत आहे.

मग तिने प्रिंटरमध्ये कागद भरले. शुक्रवारपासून कागद संपलेला होता, आणि काही सुचेनासं झालं की माणूस हाताला लागेल ते काम करतो. कागद घातले मात्र, प्रिंटर खडखडला आणि त्यातून एक नकाशा बाहेर आला. सारी-कुंगोय खोऱ्यातली कुरणं, वाटा, झरे, सगळं रेखीव. कोपऱ्यात छापलेलं होतं: काढणार, तुरदाकून. तारीख आजची. वेळ सकाळी सात वाजून पाच मिनिटं.

कचेरीचे जुने नकाशाकार तुरदाकून-अके, म्हणजे तुरदाकूनदादा, यांना जाऊन वर्ष व्हायला तीन आठवडे उरले होते.

चहा आणि झाडलोट बघणाऱ्या बुरुल-एजे दारात किटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली, दुवा मागून तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि म्हणाल्या, “बघा, मेला तरी कामाला आला. नाहीतर तुम्ही!”

२

बिश्केकच्या ज्या कंपनीकडून हा प्रोग्रॅम यायचा, तिथे माणसं मोजून चार. आलेले अर्ज वाचून लायसन्सं भरायची आणि कुठे चोरी झाली तर ती पकडायची, ही दोन्ही कामं मार्लेन उस्मानोविचकडे. पहिलं काम तो घाण्याच्या बैलासारखा उरकायचा. नूरुझच्या सणाच्या आदल्या दिवशी तर दुपारपर्यंत साठ लायसन्सं भरून त्याने सासुरवाडीची गाडी गाठली होती. त्याचा जीव होता तो दुसऱ्या कामावर. वीस वर्षांत त्याने सव्वीस कुलूपफोडे पकडले होते, आणि प्रत्येकाची गोष्ट त्याच्या बायकोला तोंडपाठ होती.

“तीन बंद, एक चालू,” त्याच्या मालकाने सांगितलं, “आणि चालू कुणाचं? तर मयताचं! कुणीतरी हातचलाखी केलीय, मार्लेन. जा, आणि चोर शोधून ये.”

मंगळवारी दुपारी तो दोलोन घाट ओलांडून नारीनला उतरला. नदीवरून येणाऱ्या वाऱ्याने त्याची टोपी पहिल्याच चौकात उडवली. कचेरीत कुबात जुमाबायेविच त्याची वाटच बघत होते. माणूस आडदांड, पण बोलताना सारखा दाराकडे बघायचा.

“शुक्रवारी अकरा गावांचे मेंढपाळ नकाशे न्यायला येतायत, मार्लेन उस्मानोविच. कुणाचा कळप कुठल्या कुरणावर जाणार, हे नकाशावर ठरतं. नकाशे नाहीत तर वर डोंगरात डोकी फुटतील. आणि बोलणी कोण खाणार? मी!”

“तुमचा संशय कुणावर?”

“सर्व्हरच्या कपाटाची किल्ली एकटीकडे असते, चिनाराकडे.” साहेबांनी आवाज खाली आणला. “शुक्रवारपर्यंत दुसरा कुणी सापडला तर ठीक. नाहीतर तिला घरी पाठवतो. पत्र लिहून ठेवलंय मी.” त्यांनी कोटाच्या खिशावर हात आपटला. “त्यात कारणही लिहिलंय.”

“कारण काय लिहिलंय?”

“चोरी. आणखी काय? आणि तिच्या जागी माझा भाचा आहे तयार. कॉम्प्युटरचं शिकलाय पोरगा.”

मार्लेनने भाच्याची गोष्ट मनात टिपून ठेवली. नारीनसारख्या गावात चोरीचा शिक्का बसलेल्या मुलीला दुसरी नोकरी कोण देणार, हेही त्याला न सांगता कळत होतं. पण वीस वर्षांच्या अनुभवाने त्याला हेही शिकवलं होतं, की किल्ली ज्याच्या हातात, चोरी बहुधा त्याचीच.

३

तुरदाकून-अकेंचं टेबल खिडकीपाशी होतं. खुंटीला त्यांची पांढरी टोपी, काल काढून ठेवल्यासारखी. पेन्सिली, भिंग, चहाचा वाडगा, सगळं जागच्या जागी. कॉम्प्युटरही चालू, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

“साल्कीन-अपा, म्हणजे त्यांच्या बायको, म्हणाल्या होत्या की वर्षाचं जेवण होईपर्यंत त्यांची बैठक मोडू नका,” चिनारा म्हणाली. सव्वीस वर्षांची, सडपातळ, डोळे लाल झालेले पण आवाज खणखणीत. “म्हणून कुणी हात लावत नाही. गेल्या शरदात मी सगळ्यांना प्रोग्रॅमचं आठवं व्हर्जन घातलं, सर्व्हरलाही घातलं. फक्त हे मशीन तसंच ठेवलं. ते अजून सातव्यावरच आहे.”

“आणि हेच एक चालतं.”

“हेच एक चालतं,” ती म्हणाली. “अके, एक विचारू? मी जर कुलूप फोडलं असतं, तर आधी माझं मशीन नसतं का चालू केलं? मयताचं मशीन चालू करून मला काय मिळणार?”

प्रश्न बिनतोड होता, त्यामुळे मार्लेनला तो आवडला नाही. तो वाकून टेबल न्याहाळू लागला. खुर्ची पार वरपर्यंत चढवलेली होती. कीबोर्डच्या बटणांच्या फटीत कसलीशी पांढरी भुकटी. त्याने बोट लावून जिभेवर ठेवली. खारट, आंबूस. कुरुत! वाळवलेल्या दह्याची गोळी चघळत कुणीतरी इथे बसलं होतं.

“इथे कुणी बसतं?”

“छे! कुणाची हिंमत आहे?”

मग तो सर्व्हरपाशी गेला. नवं लायसन्स उघडलं. वर कचेरीचं नाव, जागा चार, खाली मुदत पुढच्या एप्रिलपर्यंत, त्याखाली भरणाऱ्याची आद्याक्षरं. मधे सात-आठ ओळी होत्या, पण असली लायसन्सं त्याने हजारांनी पाहिली होती, मधल्या ओळी कोण वाचतो? लायसन्स अस्सल होतं. जुनं लायसन्स रविवारी संपलं होतं आणि नवं त्याच घटकेला सुरू झालं होतं. कुठे खाडाखोड नाही.

“अर्ज कसा पाठवला होतास?”

चिनाराने कागद पुढे केला. चार नावांची यादी. पहिल्या ओळीत तुरदाकून, दुसऱ्या ओळीत असानकुल, मग साहेब, शेवटी चिनारा. प्रत्येक नावापुढे त्याच्या मशीनचं व्हर्जन.

मार्लेनच्या भुवया चढल्या. “मेलेल्या माणसासाठी लायसन्स मागितलंस? आणि तेही सगळ्यांच्या वर?”

“मोठ्यांचं नाव आधी, अके!” चिनारा दुखावल्यासारखी म्हणाली. “मला या कचेरीत त्यांनीच आणलं. वर्ष व्हायच्या आत त्यांचं नाव मी खाली ढकलू? की खोडू?”

मार्लेनने यादीची घडी करून खिशात घातली. त्याच्या मते हा पहिला सज्जड पुरावा होता. आणि तो चिनाराच्याच विरुद्ध जात होता.

४

असानकुल-अके त्रेसष्ट वर्षांचे, बुटके, कपाळाला कायमची आठी. त्यांनी आपली खुर्ची अशी लावली होती की तुरदाकून-अकेंच्या टेबलाकडे पाठ यावी.

“चाळीस वर्षं मी त्या माणसाकडे पाठ करून बसलो,” ते म्हणाले. “आता वळून काय बघायचंय?”

“भांडण होतं?”

“भांडण? मी सरळ रेघ काढली की तो म्हणायचा वाकडी. मी ओढा दाखवला की तो म्हणायचा, हा तर उन्हाळ्यात आटतो. प्रत्येक नकाशावर भांडलो. मेला तेव्हा वाटलं, चला, आता तरी माझी रेघ सरळ धरतील.”

मार्लेनने प्रिंटरमधून आलेला तो नकाशा त्यांच्यापुढे पसरला. असानकुल-अकेंनी तो पाहिला न पाहिल्यासारखं केलं आणि तोंड फिरवलं. पण मार्लेनचं बोट एका निळ्या ठिपक्यावर थांबलं होतं. खोऱ्याच्या अगदी माथ्याशी एक झरा, आणि त्यापुढे नाव: तुरदाकून-बुलाक.

“या नावाचा झरा सरकारी नकाशात नाही,” मार्लेन म्हणाला. “मी ताडून पाहिलं.”

“नसेल.”

“तुरदाकून-अके कसे होते? फुशारकी मारणारे?”

“तो?” म्हातारा एकदम उसळला. “स्वतःच्या लग्नात मागच्या रांगेत बसणारा माणूस तो! फुशारकी म्हणे!” मग आपण जास्त बोललो असं वाटून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

बुरुल-एजेंची जबानी चहावर झाली. सोबत गरम बोरसोक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, आणि साय होती, त्यामुळे मार्लेन पाच बोरसोक खाईपर्यंत तपास थांबला. एजे रीतीप्रमाणे वाडग्यात अर्धाच चहा ओतत होत्या, संपला की पुन्हा अर्धा. आपण हवेसे पाहुणे आहोत, हे पाहून मार्लेनला बरं वाटलं.

“तुरदाकून केवढा उंच! पॉप्लरचं झाड,” एजे सांगत होत्या. “या दारातून वाकून यायचा. आणि हसला की खिडक्या वाजायच्या. असानकुल त्याच्या खांद्याला लागायचा, आणि भांडायला मात्र सगळ्यात पुढे. पण गंमत सांगू? एक रजेवर गेला की दुसऱ्याला जेवण जात नसे.”

“एजे, सकाळी कचेरी कोण उघडतं?”

“मीच. सहाला.”

“तुमच्याआधी किंवा तुमच्याबरोबर इथे कोण येतं?”

बुरुल-एजेंनी किटली उचलली आणि मार्लेनचा वाडगा काठोकाठ भरला.

काठोकाठ भरलेला वाडगा म्हणजे, चहा प्या आणि निघा. मार्लेन निमूटपणे प्यायला. एजेंना काहीतरी ठाऊक होतं, आणि ते सांगायचं नव्हतं.

५

बुधवारी सकाळी सहाला, उन्हाचं पहिलं बोट डोंगराला लागत असताना, मार्लेन कचेरीसमोरच्या नानवाल्याच्या दुकानात गरम नान कुरतडत उभा होता. बुरुल-एजेंनी दार उघडलं. पाच मिनिटांनी एक बुटकी आकृती इकडेतिकडे बघत आत शिरली.

मार्लेनने नान खिशात कोंबला आणि तो मागोमाग गेला.

तुरदाकून-अकेंच्या वर चढवलेल्या खुर्चीवर असानकुल-अके बसले होते. पाय जमिनीपासून वीतभर अधांतरी, गालात कुरुतची गोळी. पडद्यावर सारी-कुंगोय. ते एका बोटाने बटण दाबत, मग नाक पडद्याला लावून बघत, मग दुसरं बटण.

“पॉप्लरच्या झाडाला इतकी उंच खुर्ची लागत नाही, असानकुल-अके,” मार्लेन म्हणाला.

म्हातारा दचकला नाही. हळूच खाली उतरला आणि टोपी सारखी केली.

“चोर पकडलास. आता काय करशील?”

“आधी ऐकीन.”

“गेल्या वर्षी तो गेला तेव्हा हा नकाशा अर्धा राहिला होता. शेवटचा. वर्षाच्या जेवणाला सगळं खोरं येईल. त्या दिवशी साल्कीनच्या हातात हा द्यायचा, पुरा झालेला. त्याच्या नावाचा.” असानकुल-अके खाली बघत बोलत होते. “माझ्या मशीनवर उघडला की तो नव्या व्हर्जनचा होतो, आणि काढणाऱ्याचं नाव माझं पडतं. म्हणून इथे. सोमवारी छापून पाहायला गेलो तर कागद संपलेला. तेवढ्यात साहेबांची गाडी वाजली, मी पळालो. लोक आधीच म्हणतात, जिवंतपणी छळलं. आता त्याच्या खुर्चीत बसलेला दिसलो असतो तर?”

“आणि कुलूप? ते चिनाराने फोडून दिलं?”

“कसलं कुलूप? मी बटण दाबलं, ते चालू झालं. सोमवारीही झालं, आजही झालं. मुदत संपली हे मला तुमच्याकडूनच कळलं! ती पोर या जागेला हातसुद्धा लावत नाही. सकाळी फक्त टोपीवरची धूळ झटकते.”

तेवढ्यात दारात पावलं वाजली. कुबात जुमाबायेविच. त्यांनी खुर्ची पाहिली, म्हातारा पाहिला, आणि पाठोपाठ आलेल्या चिनाराकडे बोट रोखलं.

“म्हणजे दोघांचं संगनमत! म्हाताऱ्याला मशीन उघडून देणारी हीच. मार्लेन उस्मानोविच, शुक्रवारची वाट कशाला बघायची?” आणि त्यांचा हात खिशातल्या पत्राकडे गेला.

६

“दहा मिनिटं द्या मला,” मार्लेन म्हणाला. असं का म्हणालो, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. कोण बसलं हे कळलं होतं, पण मशीन का उघडलं हे कळलं नव्हतं. एका बोटाने बटणं दाबणाऱ्या माणसाने कुलूप फोडलं नव्हतं, आणि ज्या मुलीला टोपीवरची धूळही बघवत नाही तिने मयताच्या मशीनशी चाळे केले असतील, हे मनाला पटत नव्हतं. मग खोटं कोण बोलतंय? सर्व्हर म्हणतो मुदत आहे. मशीनं म्हणतात संपली.

बुरुल-एजे चहा घेऊन आल्या. आज वाडगा अर्धाच होता.

“माझ्या धाकट्या भावाचं गेल्या वर्षी असंच झालं,” त्या आपल्या नादात म्हणाल्या. “चराईची चिठ्ठी हातात, चिठ्ठीवर मुदत शरदापर्यंत. आणि कुरणाचा राखणदार म्हणतो, तुझ्या गायींची मुदत कालच संपली. दोघं मारामारीवर आले. शेवटी कुणीतरी चिठ्ठी नीट वाचली.”

“मग? खोटं कोण होतं?”

“कुणीच नाही. आदल्या वर्षीची चिठ्ठी सगळ्या जनावरांची होती. नवी चिठ्ठी नुसत्या मेंढ्यांची. मेंढ्या चरल्या असत्या, गायी चालत नव्हत्या. राखणदार खरा, भाऊही खरा. घे, साय घे.”

मार्लेनने साय घेतली नाही. उठून तो जवळजवळ पळतच कपाटापाशी गेला. वीस वर्षं तो खोटं बोलणारा शोधत आला होता. सगळेच खरं बोलत असतील, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्याने जुनं लायसन्स उघडलं. मधली ओळ: या वर्षात निघतील ती सर्व व्हर्जनं. म्हणून शरदात आठवं व्हर्जन घातलं तरी ते रविवारपर्यंत बिनबोभाट चाललं. मग नवं लायसन्स उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मधल्या ओळी वाचल्या. जागा चार. व्हर्जन: सातवं.

“चिनारा, इकडे ये! बघ. सर्व्हर मुदत विचारली की नव्या चिठ्ठीची सांगतो. खरंच सांगतो. तुमची तीन मशीनं आठवीतली. त्यांच्या नावाची एकच चिठ्ठी त्यांना सापडते, जुनी, आणि ती रविवारी संपली. तीही खरंच सांगतात. आणि हे एकटं सातवीतलं, त्याची चिठ्ठी पुढच्या एप्रिलपर्यंत. कुणी काही फोडलेलं नाही!”

“पण मी तर आठवं मागितलं होतं,” चिनारा गोंधळून म्हणाली. “तिघांपुढे आठवं लिहिलं होतं.”

मार्लेनने खिशातली यादी काढली. पहिली ओळ: तुरदाकून, सातवं. दुसरी, तिसरी, चौथी: आठवं. लायसन्स भरणाऱ्याने पहिली ओळ वाचली होती आणि तेच चौघांना लावून मोकळा झाला होता. बिश्केकमध्ये यादीत वर असतो तो सगळ्यांचा नमुना. नारीनमध्ये यादीत वर असतो तो सगळ्यांत थोर.

“कोण गाढव होता तो?” असानकुल-अके गरजले. “पुढच्या तीन ओळी वाचायला त्याचे डोळे फुटले होते?”

मार्लेनने लायसन्सच्या तळाशी पाहिलं. भरल्याची तारीख नूरुझच्या आदल्या दिवसाची. आणि पुढची आद्याक्षरं त्याला फार ओळखीची होती.

७

खोटं बोलायला पुरेसा वेळ होता. अशा वेळी माणसाला तो मिळतोच. सर्व्हरमध्ये बिघाड होता, असं म्हटलं असतं तर नारीनमध्ये कुणाला कळणार होतं? मार्लेनला आपले सव्वीस कुलूपफोडे आठवले, त्यांतल्या प्रत्येकाने आधी हेच म्हटलं होतं.

“मी,” तो म्हणाला. “तो गाढव मीच. म. उ. म्हणजे मार्लेन उस्मानोविच. गाडी पकडायची होती, साठ लायसन्सं भरायची होती. पहिली ओळ वाचली आणि पुढे गेलो.”

बुरुल-एजे फसकन हसल्या. “काखेत कळसा आणि घाट ओलांडून वळसा!”

मार्लेनने बिश्केकला फोन लावला. मालक जे काही बोलला, ते मार्लेनने भिंतीकडे तोंड करून ऐकून घेतलं. वीस मिनिटांत नवं लायसन्स आलं. आठव्या व्हर्जनच्या जागा तीन. सातव्याची एक. ती एक ठेवायची की नाही यावर मालकाने वाद घातला होता, पण त्या बाबतीत मार्लेन हटला नाही.

चिनाराने आपलं मशीन उघडलं. पाटी नाही. नकाशाचा कोरा पडदा. असानकुल-अकेंचं उघडलं. साहेबांचं उघडलं. ती तशीच वळली आणि कुबात जुमाबायेविचांपुढे तळहात पसरून उभी राहिली.

“सुयुंचू!” ती म्हणाली. “चांगली बातमी आणलीय, साहेब. आणणाऱ्याला काहीतरी द्यावं लागतं.”

साहेब लालबुंद झाले. त्यांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा. शेवटी कोटाच्या आतून घडी केलेलं ते पत्र काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. “चुकलं माझं, पोरी,” ते दाराकडे न बघता म्हणाले. चिनाराने पत्र न वाचताच फाडलं. दोन तुकडे, चार तुकडे, आठ. मग मात्र तिला रडू आवरलं नाही, आणि बुरुल-एजेंनी तिला पोटाशी धरलं.

आता अहवाल लिहायचा होता. त्यात ‘दोषी’ असा एक रकाना होता.

“माझं नाव लिही,” असानकुल-अके म्हणाले. “खुर्चीत मी बसलो होतो.”

“दार मी उघडलं, आणि सगळं माहीत असून तोंड मिटून बसले,” बुरुल-एजे म्हणाल्या. “माझं लिही.”

“यादी माझी होती,” चिनारा नाक पुसत म्हणाली.

“गप्प बसा ग! मी मोठा. मोठ्याचं नाव आधी.”

“या यादीत नाही, अके,” मार्लेन म्हणाला आणि त्या रकान्यात त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, सुवाच्य अक्षरात, वडिलांच्या नावासकट.

८

शुक्रवारी अकरा गावांचे मेंढपाळ नकाशे घेऊन गेले. दोन गावं भांडलीच, पण ती दरवर्षी भांडतात. मार्लेनची गाडी दुपारची होती. बुरुल-एजेंनी त्याच्यासाठी पिशवीभर बोरसोक बांधले होते.

असानकुल-अके तुरदाकून-अकेंच्या खुर्चीत बसले होते. आता राजरोस, सगळ्यांसमोर, पायाखाली चिनाराने आणून दिलेलं खोकं. शेवटची वाट काढून झाली. प्रिंटर खडखडला आणि सारी-कुंगोय बाहेर आलं, चांगल्या जाड कागदावर. काढणार, तुरदाकून. दुसरं कुठलंही नाव नाही.

“तुमचं नाव छोट्या अक्षरात खाली घालू या का, अके?” चिनाराने विचारलं. “मला जमेल.”

“काही नको. रेघा बघून ओळखणारे ओळखतील, वाकड्या माझ्या.”

मार्लेनला राहवलं नाही. त्याने त्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “आणि हा? स्वतःच्या नावाचा झरा कुणी स्वतः काढत नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.”

असानकुल-अकेंनी त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं.

“आम्ही दोघं पोरगेलेसे होतो. मोजणीला गेलो होतो वर. माझा पाय मोडला, त्यात वादळात वाट चुकली. हा मला पाठीवर घेऊन दोन दिवस चालला. पाणी संपलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने तो झरा शोधला. आधी मला पाजलं. त्यानंतर आम्ही जेवढ्या वेळा हे खोरं काढलं, तेवढ्या वेळा मी झऱ्याला त्याचं नाव घातलं. आणि दर वेळी त्याने खोडलं. म्हणायचा, झऱ्याला नाव देव देतो, तू कोण? आमचं सगळं भांडण तिथूनच सुरू झालं.”

त्यांनी नकाशाची गुंडाळी केली, वर दोरा बांधला आणि खुंटीवरच्या पांढऱ्या टोपीकडे मान वर करून पाहिलं.

“चाळीस वर्षं खोडलंस,” ते टोपीला म्हणाले. “आता खोड बघू!”

मग ते खोक्यावरून खाली उतरले, आणि मार्लेनची गाडी चुकू नये म्हणून स्वतः त्याची पिशवी उचलून पुढे चालू लागले.